माळ रुसली म्हणे!

रविवार उजाडला की घाटकोपरच्या टेकडीवरची रवळनाथ चाळ पिवळी पडायची. भिंतींना कुणी रंग दिला नव्हता. पिवळे होते ते माणसांचे डोळे. कुणी मुलुंडहून यायचं, कुणी कांजूरमार्गहून. एक म्हातारा तर गोराईहून होडीने खाडी ओलांडून आला होता आणि सगळ्यांना ते पुन्हा पुन्हा सांगत होता. गल्ली अरुंद, मे महिन्याचं ऊन डोक्यावर, तरी माणसं निमूट उभी. सगळ्यांची नजर एकाच ओट्याकडे, धाकूमामाच्या.

धाकूमामा अंधेरीच्या एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन होता. आयुष्यभर त्याने साहेबलोकांना चढवलं आणि उतरवलं. 'कितवा मजला?' याच्या पुढे त्याला कुणी बोलू दिलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र तो कावीळ उतरवायला लागला आणि लोक त्याच्यासमोर चपला काढून बसू लागले. पैशाला तो शिवत नसे. एक नारळ ठेवा म्हणायचा. पैसे न घेणाऱ्या माणसावर आपल्याकडे कुणी शंका घेत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"पिवळ्याक पिवळ्यानच भायर काढूक होया!" ओट्यावरून त्याचा आवाज घुमायचा. "सूर्य पिवळो, हळद पिवळी, कावीळ पिवळी! लिवरचो करंट डोक्यात चढता. त्या करंटाक अर्थिंग होया. ही माझी माळ म्हणजे अर्थिंग!"

गर्दीत दोन इलेक्ट्रिशियन उभे होते. त्यांनीही माना डोलावल्या.

मग तो ताज्या हिरव्या काड्यांची माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायचा. टोपीसारखी घट्ट बसायची ती, कानाखाली येईल तर शपथ. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटून मामा टाळूवर फुंकर घालायचा. आणि खरी गंमत पुढे व्हायची. दुसऱ्या दिवशी ती माळ कपाळावरून घसरून गळ्यात यायची. मग छातीवर. मग बेंबीपर्यंत. कुणी हात लावलेला नसायचा, कुणी धागा जोडलेला नसायचा, माळ आपोआप वाढत जायची. कमरेखाली गेली की वाहत्या पाण्यात सोडायची आणि रोगी बरा. नसता झाला तर लोक आले असते का?

अट एकच होती. माळ अंगावर असेपर्यंत गोळी नाही, सुई नाही, डॉक्टरचं तोंड बघायचं नाही. "सुई टोचलात तर माळ रुसता," मामा बजावायचा.

या सगळ्या थाटामाटात त्याच्या उजव्या हाताला मांडी घालून बसलेली बाई म्हणजे सुगंधा, त्याची सख्खी बहीण. तिच्या मांडीवर सूप, सुपात घेटुळीच्या काड्या. टेकडीच्या उतारावर, गटाराच्या कडेला ही घेटुळी हवी तेवढी उगवते. काड्या बोटाच्या पेराएवढ्या तोडायच्या आणि एकेक करून दोऱ्यात ओवायच्या, हे काम तिचं. मामा फक्त शेवटचं टोक जुळवायचा आणि मंत्र घालायचा.

पहिल्या दिवशी तिने प्रत्येक काडीला नीट गाठ मारली होती. धाकूने ती माळ तिच्या हातातून ओढून घेतली.

"गाठ नको मारू गो! गाठ मारलंस तर माळ मरता. काडयेक दोन येढे दी आणि खेच."

सुगंधाने का म्हणून विचारलं नाही. आईबाप लवकर गेले, तेव्हा याच भावाने तिचं लग्न लावून दिलं होतं, भाऊबीजेला तो कधी रिकाम्या हाताने आला नव्हता. चाळीतल्या बायका तिला 'मामांची बहीण' म्हणून नळावर पुढे जाऊ देत. तिचं सगळं माहेर त्या एका ओट्यावर होतं आणि त्याचा तिला अभिमान होता.

म्हणूनच लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा सुगंधाला आभाळ ठेंगणं झालं. जान्हवी विरारला सासरी असायची. सातवा महिना लागला होता. आईच्या हातची पेज, आईच्या हातचं तेल, आईच्या नळाचं पाणी. पोरीला जे द्यावं ते घरातलंच द्यावं, असा आपला रिवाज.

आल्यानंतर काही आठवडे बरे गेले. मग तिला कणकण आली. अन्नावरची वासना उडाली, तव्यावरच्या माशाच्या वासानेही ओकारी यायची. "पोटुशीला होतं असं," सुगंधा म्हणाली. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. "उन्हाळा आहे, पाणी कमी पितेस." अंगाला खाज सुटली. खाजेलाही सुगंधाकडे उत्तर होतं. एका सकाळी मात्र जान्हवी दारात उजेडाला बसली होती आणि समोरच्या खोलीतली चेतना शाळेत जायला निघाली होती. चेतना थबकली. तिने जान्हवीची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली.

"काकी, हिला कावीळ झालीय. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला घेऊन चला."

चेतना शाळेत विज्ञान शिकवायची. तिची आणि जान्हवीची लहानपणापासूनची मैत्री. एकमेकींच्या घरी जेवून मोठ्या झालेल्या पोरी या.

"मामा आहेत ना तिचे," सुगंधा म्हणाली. "परवा रविवारच आहे."

"परवा? काकी, आठवा महिना आहे तिला! गरोदर बाईला अशी कावीळ म्हणजे थांबायचं नसतं. माळेने काही होत नाही हो."

"होत नाही? एवढी माणसं काय येडी आहेत? तुमच्यात काय गं, देवधर्म सोडलेलाच. तुला नाही कळायचं."

चेतनाच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिने 'तुमच्यात' हा शब्द ऐकला, गिळला आणि शांतपणे म्हणाली, "आमच्यात डॉक्टरकडे जातात, काकी."

सुगंधाने दार लोटून घेतलं.

रविवारी भरल्या गर्दीत जान्हवी मामासमोर बसली. आज मामाची स्वतःची भाची म्हटल्यावर लोक टाचा उंचावून बघत होते. धाकूने माळ उचलली, तिच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग पोटाकडे, आणि त्याचा हात हवेतच थांबला. शेजारी बसलेल्या सुगंधाने ते पाहिलं. तिला वाटलं, भाचीची माया.

"मामा, आधी डॉक्टरला दाखवून येऊ का?" जान्हवीने हळूच विचारलं.

गोराईच्या म्हाताऱ्याने कान पुढे केले. धाकूने एकवार गर्दीकडे बघितलं.

"मामावर इश्वास नाय तुझो?" तो मोठ्याने हसला आणि माळ तिच्या डोक्यावर ठेवली.

माळेने आपलं काम चोख केलं. कपाळावर आली, गळ्यात आली, छातीवर लोळायला लागली. शेजारणी येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, "उतरली हो उतरली!" पालिकेच्या आरोग्यसेविका घरोघरी क्लोरीनची बाटली देऊन गेल्या होत्या, पाणी उकळून प्या असं सांगूनही गेल्या होत्या. पण औषधाच्या पाण्यानेही माळ रुसते, असा मामाचा निरोप आला. बाटली फळीवर तशीच बंद राहिली.

पोरगी मात्र दिवसेंदिवस मलूल होत चालली. पोटात पाणी ठरेना. भर दुपारी झोपायची, उठवलं तरी उठायची नाही. गुणाजी, सुगंधाचा नवरा, एका सोसायटीत वॉचमन होता. ड्युटीवरून आला की लेकीच्या उशाशी बसायचा. फारसा न बोलणारा माणूस, पण एका संध्याकाळी न राहवून बोलला.

"सुगंधा, माळ खाली येतेय खरी. पण पोरगी कुठे वर येतेय?"

सुगंधा धाकूकडे धावली. तो म्हणाला, "माळेची गुंगी आसा ती. इख बाहेर पडताना गुंगी येताच." तिने तेही मानलं.

दुसऱ्या सकाळी ती पेज भरवायला बसली. जान्हवीने डोळे उघडले. तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि परक्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "काकू, माझी आई कुठे गेली हो?"

सुगंधाच्या हातातला चमचा खाली पडला. ती तशीच गॅलरीत धावली आणि ज्या दारात तिने गेल्या काही दिवसांत पाऊल टाकलं नव्हतं, त्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली. "चेतना! अगं चेतना, माझी पोर मला ओळखत नाही!"

चेतनाने एका शब्दाने जुनं काढलं नाही. रिक्षा तिने आणली, पायऱ्यांवरून जान्हवीला उचलून गुणाजीबरोबर तिने नेलं आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत भांडून पुढे तीच घुसली.

डॉ. उत्तरा नावाची तरुण डॉक्टर होती. तिने जान्हवीला चिमटा काढून पाहिला, नाव विचारलं, उत्तर ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला.

"डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

सुगंधाने सांगितलं.

"आणि तुम्ही आज येताय?" डॉक्टरने कात्री घेतली. पोटावर लोळणारी माळ तिला तपासताना मध्ये येत होती.

"कापू नका!" सुगंधाच्या तोंडून निघून गेलं. "माळ रुसेल."

डॉक्टरने फक्त सुगंधाकडे पाहिलं. मग माळ कापून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जान्हवीला आत नेलं. ती नजर सुगंधाला एखाद्या थपडेपेक्षा जास्त लागली.

थोड्या वेळाने बाहेर येऊन डॉक्टरने तिघांना उभ्याउभ्याच सांगितलं. "कावीळ हा रोग नाही. यकृत बिघडल्याची ती खूण आहे. बिघाड कशानेही होतो. काही प्रकार रक्तातून आणि सुईतून पसरतात. तुमच्या मुलीला झालाय तो घाणेरड्या पाण्यातून येणारा. आजाऱ्याची विष्ठा गटारात जाते, गटाराचं पाणी नळात शिरतं आणि ते आपण पितो. बहुतेकांना ताप येतो, उलट्या होतात, डोळे पिवळे होतात आणि विश्रांती घेतली, साधं जेवले की काही आठवड्यांत ते बरे होतात. पण गरोदर बाईच्या शेवटच्या महिन्यांत हाच आजार जिवावर उठतो. यकृत एकदम काम सोडतं, रक्त गोठत नाही, भान जातं. ती माणसं ओळखेनाशी झाली, हे फार वाईट लक्षण आहे. आम्ही प्रयत्न करतोय. तुमच्या भागात अजून कुणाला आहे का?"

"आमच्या गल्लीतच पाच-सहा घरांत," चेतना म्हणाली. "सगळे एकाच नळावरचे. रस्ता खणल्यापासून सकाळच्या पहिल्या पाण्याला वास येतो."

"वॉर्ड ऑफिसला आजच कळवा," डॉक्टर म्हणाली आणि आत पळाली.

रक्ताची नळी घेऊन सुगंधा तळमजल्यावर तपासणीच्या खिडकीकडे गेली. रांगेत पुढे एक ओळखीची पाठ दिसली. दिशा, धाकूची सून. दिशा तर बोरिवलीला माहेरी गेली होती! धाकूनेच सांगितलं होतं, नातवालाही घेऊन गेलीय म्हणून.

"दिशा? तू इथे काय करतेस गं?"

दिशा दचकली. तिच्या हातातही रक्ताची नळी होती.

"आत्या... बाळाला कावीळ झालीय. मुलांच्या वॉर्डात आहे. आता बरा आहे, उद्या-परवा सोडतील."

"कावीळ? मग माळ?"

"माळ कसली, आत्या! डोळे जरा पिवळट दिसले, तर मामंजी त्याच दुपारी स्वतः उचलून इथे घेऊन आले. रिक्षात सारखे म्हणत होते, लवकर चल, लवकर चल." मग ती अडखळली. "आम्हाला सांगितलं होतं, चाळीत कुणाला बोलू नका. घरात पाणी पण नेहमी उकळूनच पितो आम्ही, त्यांनीच लावलेली शिस्त आहे. बाळाने बाहेर बर्फाचा गोळा खाल्ला, त्यातून झालं असेल. पण आत्या, तुम्ही इथे कशा?"

सुगंधाने हातातली नळी खिडकीत सरकवली. दिशाच्या मागून जिन्यावरून धाकू उतरत होता. हातात नातवासाठी मऊ भाताचा डबा होता. बहिणीला बघून तो अर्ध्या जिन्यातच थांबला. दिशा मान खाली घालून बाजूला झाली.

"दादा," सुगंधा म्हणाली. आवाज चढवायचं तिला त्राणच नव्हतं. "तुझा नातू इथे. माझी पोर माळेत. असं का रे?"

धाकूने आजूबाजूला पाहिलं. गर्दी होती, पण ओळखीचं कुणी नव्हतं. तो तिच्याजवळ येऊन पुटपुटला, "अगो, धाजणांतले नऊजण आपसूक बरे होतत. माळ बांधा, नाय तर नको बांधा. माका वाटला, जान्हवीपण होतली."

"मग नातवाच्या बाबतीत तसं का नाही वाटलं?"

"तो ल्हान आसा गो."

"आणि ती पोटुशी आहे! माळ घालताना तुझा हात थांबला होता. मी बघितलंय. तुला ठाऊक होतं."

मग धाकूने खरं ते सांगून टाकलं, आणि ते खोट्यापेक्षाही वाईट होतं. "सगळे बघीत होते, सुगंधा. सगळ्यांसमोर माझ्याच भाचयेक डाक्टराकडे धाडलंय असतंय, तर फुडल्या रविवारी माझ्या वट्यावर कोण इला असता?"

ज्या भावाने तिला सासरी पाठवताना मिठी मारून रडून घेतलं होतं, तोच हा. चार लोकांनी चपला काढून समोर बसावं म्हणून त्याने बहिणीची लेक पणाला लावली होती. ती वळली आणि जिना चढायला लागली. पायऱ्या दिसत नव्हत्या, डोळे भरले होते.

जान्हवीला मुलगी झाली. ती रडली नाही, हललीही नाही. पोटातच गेली होती. जान्हवी स्वतः अतिदक्षता विभागात जीव धरून राहिली. रक्तामागून रक्त चढवावं लागलं. ती शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी पोटावर हात फिरवला आणि मग आईकडे बघितलं. सुगंधाला त्या नजरेला उत्तर देता आलं नाही, आजही देता येत नाही.

दरम्यान चेतनाच्या तक्रारीवरून पालिकेची माणसं आली. गल्ली खणून बघितली, तर नळाची लाइन गटाराच्या पोटातून गेलेली आणि सांधा फुटलेला. पाणी चालू असतं तेव्हा दाबामुळे ते बाहेर गळतं. पाणी बंद झालं की तीच नळी गटार आत ओढून घेते. सकाळच्या पहिल्या हंड्यात रात्रभराचं गटार यायचं. आईच्या नळाचं पाणी ते हेच.

धाकूने मात्र नवीच गोष्ट चाळीत सोडली होती. सुगंधाला ती नळावर कळली. एक शेजारीण हंडा बाजूला घेत म्हणाली, "काय गं सुगंधा, थोडा धीर धरायचास. मामा सांगत होते, माळ कमरेवर आलीच होती. तू सुई टोचून घेतलीस, माळ रुसली, म्हणून बाळ गेलं."

सुगंधा हंडा तिथेच ठेवून सरळ चेतनाच्या दारात गेली.

"चेतना, मला एक सांग. माळ वाढते कशी?"

"तुम्हीच तर ओवता, काकी. तुम्हाला माहीत असायला हवं. त्या काड्या सुकल्या की काय होतं?"

"बारीक होतात."

"आणि काडीला गुंडाळलेला दोरा?"

सुगंधा थांबली. तिच्या बोटांना ते आधी कळलं आणि मग तिला. "सैल पडतो," ती म्हणाली. "म्हणून गाठ मारू द्यायचा नाही तो. म्हणून वेढे."

"पावसाळ्यात माळ हळू उतरते, म्हणतात ना मामा?"

"हो. पावसात कावीळ जड असते म्हणतो."

"पावसात आपले कपडे तरी लवकर वाळतात का?"

पुढच्या रविवारी ओट्यासमोर नेहमीसारखी गर्दी होती. धाकूचं अर्थिंग रंगात आलं होतं. सुपाजवळची जागा मात्र रिकामी होती. इतक्यात सुगंधा आली. एका हातात एक नारळ, दुसऱ्या हातात दुसरा. दोन्ही नारळांवर घेटुळीच्या माळा. एक माळ नारळाच्या टोकावर घट्ट बसलेली, दुसरी सैल होऊन खाली तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होती. मागून चेतना स्टूल घेऊन आली.

"बस गो, जागा केलंय तुका," धाकू सावधपणे म्हणाला.

ती बसली नाही. तिने दोन्ही नारळ स्टुलावर ठेवले आणि गर्दीकडे तोंड केलं.

"ह्या दोन्ही माळा मी एकाच दिवशी ओवल्यात. सारख्याच काड्या, सारखाच दोरा. दोन्ही नारळांवर सारख्याच घट्ट बसवल्या होत्या. मंत्र कुठल्यालाच घातला नाही. बघा, ह्या नारळाची कावीळ कशी उतरली!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. गोराईचा म्हातारा पुढे सरसावून नारळाला हात लावून बघायला लागला.

"माझ्या चाळीत ठेवलंस मा ते, माझीच शक्ती लागली!" धाकू ओरडला.

"मग ह्या दुसऱ्याला का नाही लागली?" सुगंधा म्हणाली. "मी सांगते. ह्याच्या प्रत्येक काडीला मी गाठ मारलीय. तू मला गाठ मारू देत नव्हतास. ताजी काडी जाड असते, तिच्याभोवती दोरा गुंडाळून ठेवतो आपण. काडी सुकली की बारीक होते, वेढा सुटतो, आतला दोरा बाहेर येतो आणि माळ लांब होते. इतकंच. गाठ मारली की सुटत नाही, म्हणून लांब होत नाही. माळ उतरते आणि आपण म्हणतो कावीळ उतरली. एकच शब्द दोन्हीकडे वापरला म्हणून आपण फसलो. माळेचं उतरणं वेगळं आणि रोगाचं उतरणं वेगळं. माझ्या जान्हवीची माळ झकास उतरली होती. ती मला ओळखत नव्हती तेव्हाही उतरतच होती."

हसू थांबलं.

"पण लोक बरे होतात ना मामांकडून!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बहुतेक लोक घरी बसूनही बरे होतात," चेतना म्हणाली. "मामांना ते पक्कं माहीत आहे. जे बरे होत नाहीत, ते रविवारी परत सांगायला येत नाहीत."

"सुगंधा, सुई टोचलंस तू!" धाकू उभा राहिला. त्याचा आवाज फाटला. "माळ रुसली, त्याका मी काय करू?"

"तुझ्या नातवाला किती सुया टोचल्या रे, दादा?"

गल्लीत सगळे ओट्यामागच्या दाराकडे बघायला लागले. दारात दिशा उभी होती. कडेवर पोरगा, त्याच्या मनगटावर सलाइन लावलेल्या जागी काळानिळा डाग अजून तसाच. धाकूने तिला डोळ्यांनी दटावलं. दिशाने क्षणभर सासऱ्याकडे, क्षणभर आत्याकडे पाहिलं.

"पहिल्याच दिवशी हॉस्पिटलला नेलं त्याला," ती म्हणाली. "मामंजींनीच नेलं."

माणसं उठायला लागली. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी दगड उचलला नाही. गोराईच्या म्हाताऱ्याने आपला नारळ परत घेतला. डोक्यावरच्या माळा काढून लोक ओट्यावर ठेवत गेले. धाकू एकेका चेहऱ्याकडे बघत राहिला.

"सख्ख्या भावाची अब्रू घालवलंस," तो म्हणाला.

"तुझी अब्रू वाचावी म्हणून माझी नात गेली," सुगंधा म्हणाली. "आता मला तुझ्याशी काही बोलायचं नाही."

एक बाई मात्र जागची हलली नव्हती. पदराखाली चार-पाच वर्षांचा मुलगा, डोळे हळदीसारखे. माहुलहून आली होती ती. बिचारी कावरीबावरी झाली होती.

"मग मी आता काय करू, ताई?" तिने विचारलं. "माळ नाही, तर काय?"

सुगंधा तिच्याजवळ खाली बसली. "डॉक्टर. आजच. रक्त तपासतील, कसली कावीळ आहे ते सांगतील. घरी जाऊन पाणी खळखळ उकळ आणि झाकून ठेव. संडासाहून आलीस, त्याचं धुतलंस, भाकरी थापायला बसलीस, प्रत्येक वेळी साबणाने हात धू. नळाला वास आला तर गप्प बसू नकोस, ऑफिसात जाऊन भांड. हा खूप झोपायला लागला, उलट्या थांबेनात, काहीबाही बोलायला लागला, तर एक मिनिट घरी ठेवू नकोस. आणि तुला कुणी म्हणालं ना, डॉक्टरकडे गेलीस तर देव रुसेल, माळ रुसेल, तर तो माणूस कितीही जवळचा असू दे, त्याचं ऐकू नकोस. काय नाव ह्याचं?"

"स्वरूप."

सुगंधाने मुलाला उचलून कडेवर घेतलं. ताप होता त्याला.

"माझ्या नातीला नाव ठेवायचं राहूनच गेलं," ती म्हणाली. "ऊठ, चेतना रिक्षा थांबवतेय."